बिल आलं तेव्हा ते अजून कर्ज नव्हतं

‘ताई, मी ३८ वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरकर्ज आहे, ९ टक्क्यांचं, आणि ते मुदतीआधी फेडायचं हा माझ्या मिस्टरांचा ध्यास आहे. हप्त्याशिवाय आमच्या एकत्र पगाराचा दहावा हिस्सा ते दर महिन्याला जास्तीचा त्यात भरतात. उरेल त्यात घर मी चालवते. गेल्या दीड वर्षात आधी गाडीचा क्लच गेला, मग माझ्या दाढेचं रूट कॅनॉल निघालं, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दर वेळी मी “बघते मी” म्हटलं आणि माझ्या क्रेडिट कार्डावर टाकलं. ह्यांना वाटतं मी घरखर्चातून भागवलं. चारचौघांत कौतुकही करतात. आता कार्डावर आमच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी रक्कम झाली आहे, व्याज महिन्याला ३ टक्के. किमान रक्कम मी एकदाही चुकवलेली नाही, तरी आकडा हलत नाही. “पर्सनल लोनमध्ये बदलून घ्या, फक्त १२ टक्के” असा फोन येतो, तो घेऊ का? मागच्या आठवड्यात गीझर बंद पडला तेव्हा मी बाथरूममध्ये बसून रडले. ह्यांना सांगायची हिंमत होत नाही.

– हिशेबात नापास

ता. क. कार्डाचं स्टेटमेंट ज्या मेलवर येतं त्याचा पासवर्ड आमच्या १४ वर्षांच्या मुलाला माहीत आहे. बदलू का?’

बाई गं, नापास कसली? दीड वर्ष एकटीने तीन बिलं, एक कार्ड आणि एक गुपित सांभाळते आहेस, तारीख न चुकवता. हिशेब तुला येतो. तुझ्या घरात दोन वेगळे हिशेब चालू आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही, एवढीच अडचण आहे.

आधी तो आकडा का हलत नाही ते बघू. कार्डावर १०० आहेत असं धर. महिन्याचं व्याज ३, म्हणजे बिल झालं १०३. किमान रक्कम बहुतेक ठिकाणी बिलाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. तू ५ आणि वर थोडे भरलेस. उरले ९८ ला किंचित कमी. असंच वर्षभर केलंस, एक पैचीही नवी खरेदी केली नाहीस, तर वर्षाअखेर तू भरलेले असतील ५५ आणि कार्डावर उरलेले असतील ७७. पंचावन्न दिले आणि तेवीसच फिटले. बाकीचे बत्तीस व्याजात गेले. ‘किमान रक्कम’ हे नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटतं, निदान एवढं केलं की आपण सुरक्षित. दंड टळतो, रेकॉर्ड खराब होत नाही, इतपत ते खरं आहे. कर्ज मात्र तिथंच बसून राहतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फोनवर कोणी सांगत नाही. कार्डावर मागची बाकी असेल तर सहसा नव्या खरेदीला ती बिनव्याजी दिवसांची सवलत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणजे तू किराणासुद्धा त्याच कार्डावर घेत असशील, ‘पुढच्या महिन्यात भरते’ म्हणून, तर त्यावरही व्याज लागतंय. आजपासून ते कार्ड पर्समधून काढ. मोबाइलमध्ये, ऑनलाइन दुकानांत जिथं जिथं ते साठवलेलं असेल तिथूनही काढ.

आता दुसरा हिशेब, तुझ्या मिस्टरांचा. घरकर्जात १०० जास्तीचे भरले की वर्षाला ९ चं व्याज वाचतं. तेच १०० तुझ्या कार्डात भरले तर महिन्याला ३ प्रमाणे वर्षाला ३६ चं वाचेल. एकाच छपराखाली नवरा मोठ्या निष्ठेने ९ टक्क्यांचं कर्ज फेडतोय आणि त्याने ते फेडावं म्हणून बायको ३६ टक्क्यांनी उसने घेतेय. म्हणजे व्यवहारात तुमच्या घरकर्जाचे जास्तीचे हप्ते तुझं क्रेडिट कार्ड भरतंय. त्याला हे माहीत नाही, म्हणून तो खूश आहे. मला त्याची चूक काढायची नाही. मुदतीआधी कर्ज फेडणं ही चांगलीच सवय, पण हाताशी काहीतरी ठेवून. तुमच्या घरात प्रत्येक मोकळा पैसा घरकर्जात जातो आणि तिथं गेलेला पैसा बहुतेक ठिकाणी परत मागता येत नाही. म्हणून क्लच गेला की दार एकच उघडं असतं, आणि ते सगळ्यात महाग.

तेव्हा माझं म्हणणं असं. घरकर्जाचा नेहमीचा हप्ता अजिबात चुकवायचा नाही, त्याला घर तारण आहे. जास्तीची रक्कम मात्र एक वर्ष थांबवायची. सोयीसाठी तुमचा एकत्र पगार १०० धरू. कार्डावर १५० आहेत, जास्तीची रक्कम १०, आणि तू कार्डात सध्या ८ च्या आसपास भरत असशील. पहिले तीन महिने ते १० वेगळ्या खात्यात टाक, कार्डात ८ चालू ठेव. तीन महिन्यांनी बाजूला ३० असतील, कार्ड १३९ वर आलेलं असेल. चौथ्या महिन्यापासून ते १० आणि हे ८, असे १८ कार्डात. नऊ महिन्यांत कार्ड कोरं. एकूण एक वर्ष. मी हे कागदावर दोनदा करून बघितलं, कारण मलाही आधी खरं वाटेना. अट एकच, मध्ये कार्डावर नवीन काही चढता कामा नये. आणि १८ ठरले म्हणजे १८च. बिल घटेल तशी किमान रक्कमही घटत जाईल आणि ती छापील रक्कम दर महिन्याला मोह घालेल. तिच्याकडे बघायचंच नाही.

हिशेबात मुरलेली माणसं इथं मला अडवतील. म्हणतील, ३६ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना ३० बाजूला कशाला ठेवायचे, पहिल्या दिवसापासून सगळं कार्डात घाला. आकड्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. तुझ्या ३० वर महिन्याला साधारण १ एवढं व्याज जास्तीचं जाईल. पण मग सहाव्या महिन्यात गीझरनंतर फ्रिज बसला की तू पुन्हा कार्डाकडे जाशील आणि ‘आपल्याच्यानं हे होणं नाही’ म्हणून सगळंच सोडून देशील. मी हे फार घरांत पाहिलंय. महिन्याला १ ही त्या निराशेची किंमत आहे आणि मला ती स्वस्त वाटते. त्या ३० ला नाव देऊन टाक. बचत म्हणू नकोस, बचत म्हटलं की ती कशासाठी तरी मोडाविशी वाटते. ‘बिघाड खातं’ म्हण. त्यातून पैसे गेले की वाईट वाटायचं कारण नाही, ते त्यासाठीच आहेत. गेले की पुढचे महिने आधी ते भरायचं, मग कार्डाची वाढीव रक्कम.

त्या १२ टक्क्यांबद्दल. फोनवरच्या मुलीला एकच प्रश्न विचार: हे फ्लॅट आहे की घटत्या मुद्दलावर? फ्लॅट म्हणजे तू अर्धं कर्ज फेडलंस तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच मोजतात. घटत्या मुद्दलावर म्हणजे जेवढं फेडायचं उरलंय तेवढ्यावरच. तीन वर्षांच्या मुदतीला फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या मुद्दलाच्या हिशेबाने साधारण २१ टक्के होतात. फसवणूक म्हणणार नाही, पण ‘फक्त’ हा शब्द तिने वापरायला नको होता. २१ सुद्धा ३६ पेक्षा कमीच, म्हणून प्रस्ताव वाईट आहे असं नाही. घेतलास तर मुदत एक वर्षाची माग. तीन वर्षांची घेतलीस तर हप्ता हलका वाटेल आणि व्याज लांबत जाईल. प्रक्रिया शुल्क किती, आधी फेडलं तर दंड किती, हे लेखी घे. आणि रिकामं झालेलं कार्ड त्याच दिवशी बंद कर, किंवा त्याची मर्यादा अगदी खाली आणून घे. नाहीतर दोन वर्षांनी लोनही असतं आणि कार्डही भरलेलं असतं. माझी खरी हरकत वेगळी आहे. हे लोन तू गुपचूप घेशील. म्हणजे एका गुपिताच्या जागी दोन. नवऱ्याला माहीत असेल तर खुशाल घे.

बिलांचं थोडं बोलायचं राहिलं, आणि मला वाटतं तुझी खरी गोम तिथंच आहे. दाताच्या डॉक्टरांनी बिल दिलं तेव्हा ते अजून कर्ज नव्हतं. ते एक देणं होतं, बिनव्याजी. तू कार्ड पुढे केलंस त्या क्षणी ते ३६ टक्क्यांचं कर्ज झालं. त्या दोन क्षणांच्या मधे एक वाक्य बोलायची जागा असते आणि आपण संकोचाने ती सोडून देतो. ‘हे मी तीन भागांत दिलं तर चालेल का?’ रूट कॅनॉल तसंही दोन-तीन खेपांमध्ये होतं, पैसे खेपेगणिक द्यायला फारसं कोणी नाही म्हणत नाही. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर तारीख ठरण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागता येतो. मोतीबिंदूत तर कोणती लेन्स घालायची त्यावर बिल बरंच बदलतं, आणि तो प्रश्न आधी विचारायचा असतो. विमा असेल तर त्याची पूर्वमंजुरीही आधीच. बिल हातात आलं की बाबवार माग आणि एकेक ओळ वाच, चुका होतात. गॅरेजवाल्याला विचार, आज केलंच पाहिजे असं यात काय आणि पुढच्या महिन्यावर ढकलता येईल असं काय. हे विचारणारा माणूस भिकारी दिसत नाही, जाणता दिसतो. काही ठिकाणी नाही म्हणतील. म्हणू देत, विचारण्याने काही जात नाही.

गीझर आत्ताच दुरुस्त करू नकोस. पाणी गॅसवर तापव. बिघाड खात्यातलं पहिलं बिल त्याचं असू दे.

आता मिस्टर. तू लिहिलंस, हिंमत होत नाही. कशाची भीती आहे, ते आधी स्वतःशी ठरव. तो हात उगारेल, घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर हे पत्र बाजूला ठेव, आधी भरवशाच्या माणसाला सांग आणि एकटी असताना हा विषय काढू नकोस. पण तुझ्या पत्रावरून मला तसं दिसत नाही. तुला भीती आहे ती कौतुक जाण्याची. ‘आमची ही कसं भागवते बघा’ हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळणार नाही, याची. ही भीती मला पुरती ठाऊक आहे. लग्नानंतर काही वर्षं मी आलेली बिलाची पाकिटं न उघडता कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली सारत होते. एक दिवस ह्यांनी स्वेटर ओढला आणि नऊ पाकिटं जमिनीवर पडली. ते काही बोलले नाहीत. एकेक उघडून तारखेप्रमाणे लावत बसले. मला तेव्हा ओरडले असते तर बरं, असं वाटलं होतं. पण पाकिटं उघडल्यावर कळलं, दोन बिलं केव्हाच भरलेली होती आणि ती नुसती पावतीची पाकिटं होती. त्यांच्या भीतीने मी सहा महिने झोपले नव्हते.

तेव्हा सांग. रात्री झोपताना नको, पगाराच्या दिवशी नको, सासूबाईंसमोर तर नकोच. त्यांच्या डोळ्याचं बिल यात आहे, त्यांना उगाच ओझं होईल. रविवारी सकाळी, दोघंच असताना. कागदावर तीनच गोष्टी लिहून ने: तीन बिलं आणि त्यांच्या तारखा, कार्डावरची आजची बाकी, आणि वर सांगितलेला वर्षाचा हिशेब. ‘माझं चुकलं’ने सुरुवात केलीस तर पुढचा अर्धा तास तो तुझी समजूत काढण्यात किंवा तुझ्यावर चिडण्यात जाईल. ‘मला तुमची या बाबतीत मदत हवी आहे’ असं सुरू कर. ज्या माणसाला कर्ज लवकर फेडण्याचा ध्यास आहे त्याला ३६ टक्क्यांचं कर्ज दाखवणं म्हणजे त्याच्या आवडीचं काम देणं आहे. चिडेल. लपवलंस याचं त्याला वाईट वाटेल आणि ते वाटायला हवं, त्याची घाईघाईने समजूत काढू नकोस. पण एक त्यालाही विचार, अगदी शांतपणे: क्लच, दाढ आणि डोळा, तिन्ही घरखर्चातून भागले असं त्याला खरंच वाटलं होतं का? की विचारायचं राहून गेलं?

आणि कार्ड, खातं, पासवर्ड सगळं त्याच्या स्वाधीन करून मोकळी होऊ नकोस. तसं करावंसं वाटेल, फार हलकं वाटतं. पण मग पुढच्या बिघाडाला तू त्याच्याकडे पैसे मागणारी होशील आणि वर्षभराने पुन्हा काहीतरी लपवशील. महिन्यातून एकदा दोघांनी बसून बघायचं, वीस मिनिटं, बस.

राहिला ता. क. पासवर्ड बदलू नकोस. चौदा वर्षांचा मुलगा आईच्या मेलमध्ये शिरल्यावर फक्त स्वतःच्या कामाचा मेल उघडतो, असं मला तरी वाटत नाही. त्याने अलीकडे काही मागायचं सोडून दिलंय का, आठवून बघ. सोडलं असेल तर रविवारी दुपारी त्यालाही जवळ घेऊन बसा आणि सांगा, कार्डाचं आईबाबांना दोघांनाही माहीत आहे.