व्हेनेझुएलन उपाहारगृहात पहिल्यांदा गेल्यावर काय मागवावे?

घराजवळ नुकतेच एक साधे व्हेनेझुएलन उपाहारगृह सुरू झाले आहे, मेक्सिकन जेवण आपल्याला परिचित आहे आणि घरातील एक व्यक्ती शाकाहारी आहे, तर सुरुवात कशाने करावी, असे आपण विचारले आहे. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे राहतो. तेलउद्योगातील नोकऱ्यांमुळे आणि पुढे मायदेशाची अर्थव्यवस्था कोसळल्यामुळे येथे इतके व्हेनेझुएलन लोक स्थायिक झाले आहेत की या गावाला ‘केटीझुएला’ असे टोपणनाव पडले आहे. आमच्याकडेही अलीकडेच असे एक उपाहारगृह उघडले असून तेथील अनुभवावरून मी उत्तर देत आहे.

सुरुवात आरेपानेच करावी. आरेपा म्हणजे मक्याच्या पिठाची तळहाताएवढी जाड भाकरी. ती मधोमध चिरून आत सारण भरतात. मेक्सिकन तोर्तिलासाठी मका चुन्याच्या निवळीत शिजवतात आणि त्याचा विशिष्ट वास पिठाला लागतो, तो आरेपाला नसतो. येथे मक्याचे साल व अंकुर काढून, दाणे आधीच शिजवून, वाळवून मग दळतात. त्यामुळे भाकरीच्या पिठाला चिकटपणा यावा म्हणून आपण जसे उकळते पाणी घालतो, तसे येथे करावे लागत नाही. कोमट पाणी आणि मीठ एवढ्यावर पीठ मळून होते. हे तयार पीठ ‘हारिना पान’ या नावाने 1960 मध्ये बाजारात आले. त्यापूर्वी घरोघरी मका उखळात कांडून, शिजवून, दळावा लागत असे. ते कष्ट या पिठाने संपवले. म्हणूनच 70 लाखांहून अधिक लोक देश सोडून जगभर विखुरले, तरी हे पीठ मिळेल तेथे त्यांना आपला रोजचा नाश्ता करता येतो.

चांगला आरेपा ओळखणे सोपे आहे. बुदारे नावाच्या तव्यावर त्याला दोन्ही बाजूंनी टणक पापुद्रा येतो, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो आणि आतला भाग मऊ व वाफाळता राहतो. तो तयार होण्यास वेळ लागतो, त्यामुळे वाट पाहावी लागली तर तो शुभशकुन समजावा, आणि समोर आल्याबरोबर खावा, कारण थंड झालेला आरेपा चिवट होतो.

सारणांपैकी मांसाहारी व्यक्तीने ‘रेइना पेपियादा’ घ्यावे. कोंबडीचे शिजवलेले मांस, अवाकाडो आणि मेयोनीज यांचे हे थंडगार मिश्रण गरम आरेपात भरतात. 1955 साली विश्वसुंदरी ठरलेल्या सुसाना दुइम यांच्या सन्मानार्थ कॅराकसमधील एका आरेपाच्या दुकानात त्याला हे नाव मिळाले. शाकाहारी व्यक्तीसाठी ‘दोमिनो’ आहे, म्हणजे काळा घेवडा आणि किसलेले पांढरे चीज. मात्र घेवड्यात कधीकधी डुकराचे मांस किंवा चरबी घालतात, हे मागवण्यापूर्वी अवश्य विचारावे. अंडे चालत असेल तर टोमॅटो-कांद्यात परतलेले ‘पेरिको’ही उत्तम.

माझ्या मते शाकाहारी व्यक्तीसाठी खरी मेजवानी काचापा ही आहे. कोवळ्या मक्याचे दाणे वाटून केलेले हे गोडसर, जाडसर धिरडे लोण्यावर भाजून त्यात ‘केसो दे मानो’ हे ताजे, मऊ, पदर सुटणारे चीज घालून दुमडतात. मक्याचा गोडवा आणि चिजाचा खारटपणा असा काही जुळून येतो की त्यावर दुसरे काहीही घालण्याची इच्छा होत नाही. गव्हाच्या पिठाच्या पट्टीत चीज गुंडाळून तळलेले तेकेन्यो मुलांना हमखास आवडतात.

पूर्ण जेवण हवे असल्यास ‘पाबेयॉन क्रिओयो’ मागवावे. भात, तंतू सुटेपर्यंत शिजवलेले गोमांस, काळा घेवडा आणि पिकलेल्या केळ्यांचे तळलेले काप असे हे ताट व्हेनेझुएलाचे राष्ट्रीय जेवण मानले जाते. गोमांस नको असेल तर ते वगळून मागता येते का, हे विचारावे. उरलेला भात-घेवडा-केळी हा मेळही मला पुरेसा वाटतो.

एका गोष्टीची मनाची तयारी आधीच ठेवावी: हे जेवण तिखट नसते. तेथील स्वयंपाकाचा स्वाद ‘अही दुल्से’ नावाच्या मिरचीत आहे. तिला गंध भरपूर असतो, पण तिखटपणा जवळजवळ नसतो. पहिल्याच घासाला तिखट सॉस ओतला तर हा गंध हरवतो, म्हणून आधी अवाकाडो, कोथिंबीर आणि व्हिनेगरची ग्वासाकाका चटणी लावून पाहावी, कारण ती आंबटसर असून आरेपाला साजेशी लागते. पिण्यासाठी ‘पापेलॉन कॉन लिमॉन’ मागवावे. ते उसाच्या गुळाचे आणि लिंबाचे थंड सरबत असते.

आणि डिसेंबर जवळ आला असेल तर ‘अयाका’ मिळते का, हेही विचारून ठेवावे. मांसाचे सारण भरलेले मक्याचे पीठ केळीच्या पानात बांधून शिजवलेला हा नाताळचा पदार्थ घरची सगळी माणसे मिळून करतात आणि काही उपाहारगृहे तो आगाऊ मागणी नोंदवूनच देतात.