ठाणे खाडीतल्या घुशी कधी पाणघुशी होतील का?

होऊ शकतात, पण लाखो वर्षं धरा. घूस आजही छान पोहते. ऑस्ट्रेलियातला राकाली उंदीरकुळातलाच; त्याच्या मागच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा, अंगावर पाणी अडवणारी दाट लव, खाणं खेकडे-शिंपले.

खरी अडचण अलगपणाची. ऐरोलीच्या तिवरांतली घूस कोपरखैरण्याच्या गटारातल्या घुशीशी जुगत राहिली, तर थोडा वाढलेला पडदा पिढ्यान्‌पिढ्या पुसट होत जातो. मधला संबंध तुटला तरच तो टिकेल.

विषाला दाद न देणं मात्र झपाट्यानं येतं, कारण एका जनुकातला बदल पुरतो. वॉरफरिन हे उंदीर मारायचं विष पचवणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये १९५८ सालीच सापडले.