मलेरिया होऊन गेलाय, रक्त देऊ का?

प्रश्न: दीड महिन्यापूर्वी मला व्हायवॅक्स मलेरिया झाला होता. आता ठणठणीत आहे, जिमला पण जातो. परवा मंडळाच्या कॅम्पमध्ये फॉर्मवर खरं लिहिलं तर सरळ परत पाठवलं, बिस्कीट पण नाही दिलं. रक्त नंतर तपासतातच ना, मग मला का हाकललं? मित्र म्हणतो लिहायचंच नव्हतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मित्राला कटवा. मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर ३ महिने रक्त द्यायचं नाही असा आपल्याकडे नियम आहे, आणि ते मोजायचे बरं झाल्यापासून, ताप आला त्या दिवसापासून नाही.

तपासतात हे खरंय. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या ५ टेस्ट प्रत्येक पिशवीला सक्तीच्या आहेत. पण मलेरियाची टेस्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी काय, तर स्लाइड (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचं) नाहीतर रॅपिड कार्ड. कार्डाच्या खळग्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा, बाजूला बफर, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि किती रेघा उमटल्या ते बघायचं. अंगात जंतू अगदी थोडे असतील, ताप नसेल, तर त्या थेंबात सापडायचे नाहीत आणि कार्ड निगेटिव्ह येणार, पिशवी मात्र ३५० मिलीची भरलेली. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून मरतात असंही नाही, लाल पेशींच्या आत बसून आठवडाभर तरी सहज तग धरतात. म्हणून फॉर्मवरचा तो प्रश्न हीच खरी चाळणी आहे, आणि आपल्या कॅम्पांत नेमकी तीच सगळ्यात ढिली असते, रांग मोठी, डीजे चालू, कार्यकर्ताच सगळ्यांच्या फॉर्मवर ‘नाही, नाही, नाही’ टिक करत सुटलेला. तुम्हाला ज्यांनी परत पाठवलं त्यांनी काम नीट केलं. बिस्कीट द्यायला हवं होतं, ते मान्य.

आता तुम्हाला एक उलटा प्रश्न. प्रायमाक्विनचे, म्हणजे लिव्हरमधले जंतू मारणाऱ्या गोळ्यांचे, १४ दिवस पूर्ण केलेत का? क्लोरोक्विनच्या ३ दिवसांत ताप उतरतो आणि मग लोक उरलेल्या गोळ्या कपाटात टाकून विसरून जातात. व्हायवॅक्स लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परत डोकं वर काढतो. अर्धवट सोडल्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, रक्तदान राहू दे.

आणि घेणाऱ्याचा पण विचार करा ना, सारखं रक्त चढवावं लागणारं थॅलेसेमियाचं पोर असेल, बाळंतपणात रक्त गेलेली बाई असेल. रक्त चढवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला तर आधी टाके बघतात, लघवी तपासतात, मलेरिया फार उशिरा सुचतो, कारण पेशंट तर हॉस्पिटलमधून बाहेरच पडलेला नसतो.

प्रश्न: मी वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. मागच्या महिन्यात पुण्याला येऊन गेले, परत आल्यावर इथे न्यू जर्सीत रक्त द्यायला गेले तर ३ महिने थांबा म्हणाले. मला मलेरिया कधीच झालेला नाही. पुण्यात कुठे एवढा मलेरिया आहे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: राग मानू नका, अमेरिकेतले ब्लड बँकवाले नकाशा बघून ठरवतात आणि त्यांच्या नकाशात हिमालयातला उंच भाग सोडला तर जवळजवळ सगळा भारत मलेरियाचा. तिकडे वर्षानुवर्षं पिशवीची मलेरिया टेस्ट करायचीच पद्धत नव्हती, सगळी भिस्त प्रश्नांवर. २०२० च्या आधी तर प्रवासानंतर अख्खं वर्ष थांबायला लागायचं. भारतातून नुकतं तिकडे राहायला गेलेल्याला ३ वर्षं थांबवतात, त्यामानाने तुमचं स्वस्तात सुटलं. हाच नियम आपण इकडे लावला तर गडचिरोली सोडाच, मुंबईत पण डोनर मिळायचा नाही, म्हणून आपण राहता कुठे ते विचारत नाही, मलेरिया झाला होता का एवढंच विचारतो.

परतल्याच्या तारखेपासून ३ महिने मोजा. आणि पुढच्या वेळी इकडे यायला निघायच्या आधीच देऊन टाका, तसंही एकदा दिल्यावर तिकडे ५६ दिवस थांबावं लागतंच.