परीक्षा आली की तोंड येतं, मग पुढे काय शिकू?

पत्र: मी कळव्याला राहते. बारावी सायन्सला आहे, गणित सोडलंय. नीटचा क्लास नौपाड्यात. मोठी टेस्ट आली की मला हमखास तोंड येतं. वहीत तारखा लिहून ठेवल्यात: आठ टेस्ट झाल्या, सहा वेळा आलं. टेन्शनमुळे शरीरात नक्की काय होतं, हे शोधायचं काम मला करायचंय. बाबा म्हणतात, आधी एमबीबीएस मिळव. नुसती बीएस्सी करून पोट भरणार आहे का?

उत्तर: तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती वही. तू तारखा टिपल्यास, आणि न आलेल्या दोन वेळाही लपवल्या नाहीस.

तुझ्याच प्रश्नावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. डेंटलच्या ११ निरोगी विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि नंतर टाळूच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. मग रोज फोटो काढायचे आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं. फेस आला की समजायचं, जखम अजून उघडी आहे. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के वेळ जास्त लागला. अकरा जणांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही. यात प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होती, म्हणून इतक्या थोड्या मुलांवरूनही काही बोलता आलं.

पण यात दोष टेन्शनमध्ये वाढणाऱ्या कॉर्टिसॉलसारख्या हार्मोनचाच, हे सिद्ध होतं का? नाही होत. परीक्षेच्या दिवसांत झोप कमी होते, जेवण वेळेवर होत नाही, चहा वाढतो. फक्त हार्मोनचा परिणाम बघायचा तर वेगळी रचना लागते. निरोगी स्वयंसेवकांना दाखल करून घेतात. काहींना सलाइनमधून कॉर्टिसॉल देतात, काहींना साधं सलाइन. जिवाणूच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ अगदी थोड्या मात्रेत टोचतात. काही तास ताप येतो, थंडी वाजते, आणि त्या वेळात पुन्हा पुन्हा रक्त घेऊन टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्यं मोजतात.

१९९०च्या दशकातल्या अशा प्रयोगांत मोठी गंमत दिसली. कॉर्टिसॉल एंडोटॉक्सिनच्या सोबतच दिलं, तर दाह दबला. तेच बारा तास किंवा काही दिवस आधी देऊन थांबवलं, तर टीएनएफ उलट जास्त वाढलं. हार्मोन एकच, पण वेळ बदलली आणि निकाल फिरला. अ‍ॅड्रिनलिन हे टेन्शनमधलं दुसरं हार्मोन दिल्यावर टीएनएफ कमी झालं आणि दाह आवरणारं इंटरल्युकिन-१० वाढलं. त्यामुळे ‘टेन्शन घेतलं की प्रतिकारशक्ती जाते’ हे वाक्य कोणी ठामपणे ऐकवलं तर लगेच मान डोलावू नकोस. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेलं डेक्सामेथासोन याच कॉर्टिसॉलच्या कुळातलं औषध. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना झाला नाही.

आता तुझी वही. सहा वेळा तोंड आलं खरं, पण टेस्ट नसलेल्या आठवड्यांत किती वेळा आलं? ते लिहिलेलं नाहीस. झोपेचे तासही नाहीत. आणि बी-१२, लोह कमी असलं तरी तोंड येतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखव. हे पुढे ढकलू नकोस. एखादा फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर अजिबात थांबायचं नाही.

वाट एकच नाही. नीट दे, मनापासून दे. तुझ्या कळव्यातच राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएसनंतर फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत एमडी करून या विषयात येता येतं. माणसांवरच्या प्रयोगात डॉक्टर लागतोच, इथे बाबांचं म्हणणं चुकीचं नाही.

पण नीट हुकली म्हणून हा विषय हुकत नाही. आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारी संस्था, तिच्या प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा आहे. या परीक्षेच्या ६० प्रश्नांत १५ गणिताचे असतात. तू गणित सोडलंस तरी फॉर्म भरता येतो, तेवढे १५ मात्र जड जातील. ठाण्यात बांदोडकर कॉलेजला मायक्रोबायॉलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी दोन्ही आहे. बीएस्सी, एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा काढून पीएचडी. कर्करोगाच्या अंगाने इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास, करायची तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र ठाणे-पनवेल लोकलच्या मार्गावरच आहे. सगळं धरून दहा वर्षं मोज. त्याहून कमी सांगणं म्हणजे तुझी फसवणूक होईल.

बाबांना हे वाचून दाखव: नुसत्या बीएस्सीवर थांबली तर तुमची भीती खरी ठरेल. एमएस्सीनंतर नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. ती सगळ्यांना मिळत नाही, स्पर्धा तगडी आहे. नाही मिळाली तर क्लिनिकल रिसर्चमध्ये कोऑर्डिनेटरचं काम आहे: स्वयंसेवकाला त्याच्या भाषेत सगळं समजावून संमतिपत्रावर सही घेणं, प्रत्येक नोंद वेळेवर करणं. ‘नको वाटलं तर कधीही बाहेर पडू शकता’ हे त्याला सांगणाऱ्यांत हा माणूस असतो. वही इतकी नीट ठेवणाऱ्या मुलीला हे काम जमेल, असं मला मनापासून वाटतं.

आजपासून वहीत दोन रकाने वाढव: रात्री किती तास झोपलीस, आणि टेस्ट नसलेल्या आठवड्यात तोंड आलं का. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की बाबांना आणि वहीला घेऊन भेटायला ये.