टाइम्स सोडून पायप्सा घ्यायचं का?

प्रश्न: आमचा जर्मन टीमसोबत जॉइंट प्रोजेक्ट आहे, आम्ही इतकी वर्षं ऊर्जा नियोजनाचं टाइम्स (TIMES) मॉडेल वापरतोय आणि आता ते म्हणतात पायप्सावर (PyPSA, त्याच कामाचं दुसरं टूल) या. सगळं परत पहिल्यापासून करायचं का हो?

उत्तर: अहो, सगळं नाही, पण डेटाची झाडाझडती मात्र चुकणार नाही. पायप्सा ओपन सोर्स आहे, पायथॉनमध्ये चालतं, हायजसारखा (HiGHS) फुकटचा सॉल्व्हर, म्हणजे मॉडेलचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, चालतो, म्हणजे टाइम्स ज्यावर चालतं त्या गॅम्सच्या (GAMS) लायसन्सचा खर्च वाचला. खरा फरक वेळेचा. टाइम्समध्ये सहसा वर्षाचे थोडेच टाइम स्लाइस (ऋतू, दिवस-रात्र असे वेळेचे तुकडे) करतात, तर पायप्सात वर्षाचे ८७६० तास एकेक करून घेता येतात, त्यामुळे सोलर संध्याकाळी बसला की बॅटरी किती लागते ते नीट दिसतं, पण लॅपटॉप रडतो, मग तीन-तीन तासांचे गट करा. युनिट सांभाळा बरं का, टाइम्सवाले बहुतेक पेटाज्यूलमध्ये आणि पायप्सात मेगावॉट-तास, १ पेटाज्यूल म्हणजे साधारण २७८ गिगावॉट-तास, इथेच भलेभले गंडतात. डिस्काउंट रेट (पुढच्या खर्चाची आजची किंमत काढायचा दर) नि इंधनाचे भाव दोन्हीकडे सेम ठेवून आधी एकच जुनं वर्ष चालवा नि उत्तरं जुळतात का बघा. आणि जुनं मॉडेल लगेच डिलीट करू नका, प्लीज!