बुरशीचं औषध सुरू होताना आणि बंद होताना

ताई, यकृताचं ट्रान्सप्लांट होऊन पिल्लू घरी आलं, फार बरं वाटलं. आता पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून राहा. टॅक्रोलिमस हे औषध नव्या यकृताला सांभाळतं, शरीराला ते नाकारू देत नाही, पण शरीराची राखणही ढिली करतं. लहानग्यांत बुरशी बहुतेकदा कॅन्डिडाची असते. रोज दात घासताना टॉर्चने तोंड बघ. जिभेवर, गालाच्या आत पांढरे, दह्यासारखे डाग दिसले आणि ते पुसून जात नसतील, तर दूध असेल म्हणून सोडू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू झालं की टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो. बुरशीचं औषध थांबलं की ही पातळी घसरते आणि शरीर यकृत नाकारू शकतं. म्हणून सुरू होताना आणि बंद होताना, दोन्ही वेळा ‘टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातली पातळी) कधी करायची?’ हे विचारच. आमच्या वेळी गावातल्या डॉक्टरांनी तोंडातल्या डागांवर अशीच बुरशीची गोळी दिली, मी ट्रान्सप्लांटच्या टीमला न कळवता ती सुरू केली. चार दिवसांत टॅक्रोलिमस वाढून लेकीचे हात थरथरायला लागले. तो फोन आधी करायला हवा होता.

ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी हवेतून येते. शेजारी भिंत फोडत असतील तर पोराला तिथून हलव. पावसाळ्यात ओल आलेली खोली, कुंड्यांची माती, शेणखतही टाळ.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्र असली तरी फोन कर. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नकोस.