क्योतोच्या पोंतोचो गल्लीत कधी जावं? शाकाहारी जेवण मिळेल का?

दिवेलागणीला जा. शिजो ते सान्जो या दोन रस्त्यांच्या मधला, कामो नदीच्या कडेने जाणारा हा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा अरुंद बोळ आहे. मे ते सप्टेंबर नदीकडच्या हॉटेलांमागे लाकडी मचाण उभारतात. तिथे वाऱ्यावर बसून जेवण्यासारखं सुख नाही, पण जागा आधी राखून ठेवा. शाकाहारींनी आवर्जून विचारावं, कारण साध्या भाजीतही ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा सुक्या माशाचं पाणी.

गेइको (क्योतोत गेइशांना हेच म्हणतात) दिसल्या तर कृपा करून वाट अडवून फोटो काढू नका, त्या कामावर निघालेल्या असतात. त्यांचं नृत्य पाहायचं असेल तर मे महिन्यात ‘कामोगावा ओदोरी’ला तिकीट काढून जा. १८७२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम याच गल्लीतल्या नाट्यगृहात होतो.